शंभर रुपयांच्या बाँडवरची सोडचिठ्ठी

गेल्या वर्षी वर्षावास संपला त्यानंतरची गोष्ट. रविवारची वंदना आटोपून विहाराबाहेर चपला घालत होतो, तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या एक मावशी पुढे आल्या. "जयभीम भाऊ. पोरीचं पुन्हा जमलं. बदलापूरचं स्थळ आहे. पुढच्या महिन्यात हॉल घेतलाय, तेवढं बौद्धाचार्यांना सांगून ठेवा."

मी विचारले, "पहिल्या लग्नाचं काय झालं?"

"कोर्टात टाकलंय की. दोघांच्या सह्या झाल्या. सहा महिन्यांनी या म्हणालेत. कागद येईल मागाहून."

हे ऐकून मला धस्स झाले. त्याचे कारण सांगायचे तर वीस वर्षे मागे जावे लागेल आणि माझी स्वतःची चूकही सांगावी लागेल.

२००४ साली माझ्या मामाच्या मुलीला, आमच्या ताईला, नवऱ्याने मारहाण करून माहेरी पाठवले. दोन्हीकडची चार जाणती माणसे बसली आणि "मोकळे करा" असे ठरले. शंभर रुपयांचा स्टँप पेपर आणला. मी नुकताच बी.कॉम. होऊन नोकरीला लागलो होतो, आणि वस्तीत बी.कॉम. म्हणजे अर्धा वकील! मसुदा मीच लिहिला. आजपासून आम्ही पती-पत्नी राहिलो नाही, दोघांनाही दुसरे लग्न करण्यास मुभा आहे, वगैरे. दोघांच्या सह्या, नोटरीचा शिक्का, आणि साक्षीदार म्हणून माझी सही. दोन महिन्यांत ताईचे दुसरे लग्न झाले.

माणूस चांगला मिळाला. आनंदनगर एमआयडीसीत कामाला होता. दोन मुले झाली. पंधरा वर्षे संसार नीट चालला. २०१९ साली तो झटक्याने गेला. फंड-पेन्शनचे कागद भरायची वेळ आली तेव्हा दिराने हरकत घेतली की, हिचे पहिले लग्न मोडलेलेच नाही, पहिला नवरा जिवंत आहे. साहेबांनी विचारले, "कोर्टाची डिक्री कुठे आहे?" ताईने पिशवीतून बाँड काढून दिला. साहेबांनी वाचला, घडी घातली आणि परत दिला.

मुलांचे हक्क वाचले, कारण लग्न रद्दबातल ठरले तरी मुले औरस धरावीत आणि आईबापाच्या मालमत्तेत त्यांना वाटा असावा असे कलम १६ सांगते. ताई मात्र विधवा म्हणून उभी राहू शकली नाही. पंधरा वर्षे ज्याचा डबा भरला, त्याची ती कायद्याने कोणीच नव्हती.

वकिलांनी एक वाट सुचवली. हिंदू विवाह कायदा, नावात काही असले तरी, कलम २ प्रमाणे आपल्या बौद्धांनाही लागू आहे. त्यातले कलम २९ रूढीने होणारा काडीमोड मान्य करते. "पण तुमच्या जातीत अशी रूढी पूर्वापार चालत आली आहे, हे पुराव्याने सिद्ध करावे लागेल," असे ते म्हणाले. मी ताईकडे पाहिले. आमच्या वडीलधाऱ्यांनी धम्मदीक्षा घेऊन जात टाकली, तिच्या रूढी टाकल्या. आता पेन्शनसाठी कोर्टात उभे राहून जातपंचायतीचा दाखला द्यायचा? "मला नको ते," ताईच म्हणाली.

घटस्फोट ही काही नवी गोष्ट नाही, ज्यांना शूद्र म्हणतात त्या बहुसंख्य समाजात काडीमोड चालतच आला आहे, हे बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाच्या वेळी संसदेत दाखवून दिले होते. तरीही तो हक्क कायद्यात लिहिला जावा म्हणून ते झगडले. बिल रखडले आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले, त्याच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. आपण मात्र अजून चार माणसे बसवतो आणि बाँड आणतो. मी तर तो स्वतःच्या हाताने लिहिला.

थांबण्याचा त्रास मला मान्य आहे. १९५५ च्या मूळ कायद्यात लग्नाला तीन वर्षे होईपर्यंत घटस्फोटाचा अर्जच करता येत नसे आणि डिक्रीनंतर आणखी वर्षभर दुसरे लग्न करता येत नसे. १९७६ साली तीन वर्षांचे एक वर्ष झाले, नंतरची वर्षभराची अट गेली आणि आपसी संमतीचा घटस्फोट आला. त्यात एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते, आणि अर्जानंतर पुन्हा सहा महिने थांबावे लागते. एकतर्फी किंवा भांडून मिळालेली डिक्री असेल तर अपिलाचे नव्वद दिवस जाऊ द्यावे लागतात. हातावर पोट असलेल्या माणसाला प्रत्येक तारीख म्हणजे एक खाडा. जी पोरगी तीन वर्षे माहेरी बसली आहे, तिला आणखी सहा महिने विचार करायला सांगणे मला तरी पटत नाही. सर्वोच्च न्यायालयालाही ते पटले असावे. दीड वर्षाहून जास्त काळ वेगळे राहणे झाले असेल, समेट होत नसेल, पोटगी आणि मुलांचा ताबा मिटला असेल, तर कोर्ट हे सहा महिने माफ करू शकते, असा निकाल २०१७ साली झाला आहे. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. आपल्याकडे तो कोणी सांगत नाही.

मावशींना मी एवढेच म्हणालो, "या सहा महिन्यांत जावयाने संमती काढून घेतली तर? तसा त्याला हक्क आहे. मग तुमची पोरगी दोन नवऱ्यांची ठरेल. सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्याला."

मावशी रागावल्या. "तुम्ही मोठे कायदेवाले! बदलापूरच्या आजीचा भरवसा नाही, तिला नातवाचं लग्न बघायचंय." दोन आठवडे त्यांनी तोंड फिरवले.

शेवटी ताईला घेऊन त्यांच्या घरी गेलो. ताई फार बोलली नाही. पिशवीतला बाँड पोरीच्या हातात दिला. पोरगी मोठ्याने वाचत गेली आणि शेवटी थांबली. "साक्षीदार तुम्हीच का, मामा?"

"मीच."

मावशींनी चहा टाकला.

हॉलचा अर्धा अॅडव्हान्स बुडाला. स्त्रियांना, तसेच अनुसूचित जातीच्या माणसांना, उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. विधी सेवा समितीकडे नुसता अर्ज करायचा असतो. तो केला. कल्याणच्या कोर्टात सहा महिने माफ करण्याचा अर्ज पडला. मावशींनी दोन खाडे केले, मी एक रजा टाकली. अर्ज मंजूर झाला तरी दीड महिना गेलाच. बदलापूरची माणसे थांबली, आजीही थांबली.

वकिलांनी हिरवा कंदील दाखवल्यावर तारीख धरली. लग्न हॉलऐवजी विहारातच झाले. बौद्धाचार्यांनी आधी डिक्रीची नक्कल मागितली, चष्मा लावून सगळी वाचली, आणि मग त्रिशरण-पंचशील घ्यायला सगळ्यांना उभे केले. ताई मागे पंगतीची भांडी मोजत होती.