खुर्ची आणि जमीन

मामा जमिनीवर बसला होता. मी खुर्चीवर. मधात दहा-बारा रांगा. त्याचा आवाज ऐकू आला तरी मी मागं वळून पाहिलं नाही. मित्रांनो, आज हे लिहून टाकतो. मोर्चात घोषणा देताना कधी हिंमत कमी पडली नाही, हे सांगताना मात्र पडली.

आमच्याकडं धान घरात आलं, दिवाळी झाली की मंडईचे दिवस सुरू होतात. मंडईच्या रात्री नाटक. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची ऑफिसं वडसात आहेत. गावोगावची मंडळं इथं येऊन प्रयोग ठरवतात. याच रंगभूमीच्या परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमचीही छाती फुगली.

नाटकाला पाहुणे येतात, लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात. खुर्चीच्या तिकिटावर कोण आला अन् जमिनीच्या तिकिटावर कोण, हे सगळेच पाहून ठेवतात.

त्या रात्री माझ्या बाजूला पोरीला पाहायला आलेले पाहुणे होते. आपलेच, बौद्ध. नागपूरचे. मुलगा इंजिनिअर, बाप रिटायर साहेब. तिकिटं मीच काढली होती. एवढ्यात मागून हाक आली, "बापू! अगा बापू!"

पाहुण्यानं विचारलं, "कोण हो?"

मी म्हणालो, "गावातला एक माणूस आहे."

गावातला एक माणूस!

या माणसानं राइस मिलमध्ये धानाचे कट्टे पाठीवर वाहिले. 1984 मध्ये माझ्या परीक्षेच्या फॉर्मला पैसे नव्हते, तेव्हा अख्ख्या हप्त्याची मजुरी माझ्या हातावर ठेवली. स्वतःच्या पोराला शाळेतून काढून कामाला लावलं, मला मात्र शिकू दिलं. मी नोकरीत लागलो. सिमेंटचं घर बांधलं. घराच्या आधी कंपाऊंड बांधलं. मग मामा दारात दिसला की माझ्या मनात पहिलं यायचं, आज किती मागतो? तो बहुतेक वेळा काहीच मागायचा नाही. वांगी, लाखोरीची डाळ देऊन निघून जायचा.

आमचा आजा वडसाहून छोट्या रेल्वेनं चांद्याला गेला होता. 16 ऑक्टोबर 1956. बाबासाहेबांच्या साक्षीनं दीक्षा घेतली. म्हातारा सांगायचा, आम्ही सारेच भुईवर बसलो होतो, शिकलेला अन् अडाणी एकाच मातीत. त्याच आजाचा मी नातू. मामा त्याचाच पोरगा.

25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी संविधान सभेत इशारा दिला होता. राजकारणात एक माणूस एक मत राहील, पण सामाजिक अन् आर्थिक जीवनात विषमता राहील, अन् ही विसंगती लवकर मिटवली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल. हे मी किती सभांमध्ये बोललो! बोलताना माझं बोट नेहमी दुसऱ्यांकडं. मतदानाच्या रांगेत मामा माझ्या पुढं उभा होता. त्याचं मत अन् माझं मत सारखंच. नाटकाच्या कनातीत शिरलो अन् आमची बरोबरी संपली. मला कोणी जातीवरून भुईवर बसवलं असतं तर मी पेटून उठलो असतो. मामाला पैशानं भुईवर बसवलं, तेव्हा मी खुर्चीत नीट टेकून बसलो.

पहाटे नाटक सुटलं. मामा गेटजवळ थांबला होता. म्हणाला, "लय आवाज देला बापू. माईकच्या आवाजात आयकू नसंन आलं तुले."

मला सुटायला वाट त्यानंच करून दिली. अन् मी तिच्यातून सुटलो. म्हणालो, "हो ना मामा, माईक लय मोठा होता."

पाहुण्यांचा होकार आला. येत्या रविवारी साक्षगंध आहे. बायको म्हणाली, मामाजीले लग्नातच बोलावू, आता मोठे लोक येऊन राहिले. मी काही बोललो नाही. रात्रभर झोप नाही. सकाळी नागपूरला फोन लावला. म्हणालो, त्या रात्री हाक मारत होता तो गावातला माणूस नव्हे, माझा सख्खा मामा आहे. हमाल होता. त्याच्या मजुरीवर मी शिकलो. साक्षगंधात तो माझ्या बाजूला बसेल.

तिकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "बरं. पाहू."

पोरीनं सारं ऐकलं होतं. ती म्हणाली, "बाबा, आता मामा-आजोबाला सांगायला चला. फोन नका करू."

आम्ही निघालो आहोत. माईकचं खोटं होतं, हेही मामाला सांगायचं आहे.