कोळीदादा आणि वाघोबा

दसऱ्याच्या सुट्टीत भाचीला घेऊन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. फाटकाबाहेर हायवेचा धडधडाट, आत शिरून पाच मिनिटं चाललात की फक्त पाखरं! मुंबईच्या पोटात १०० चौरस किलोमीटरहून मोठं जंगल आहे, हे मुलुंड-भांडुपला त्याच्याच कुशीत राहणाऱ्यांनाही कधीकधी आठवत नाही.

आम्ही कान्हेरीच्या रस्त्याला लागलो. थोडं पुढे गेलो आणि भाची एकदम किंचाळली. दोन झाडांच्या मधोमध हे एवढं थोरलं जाळं, आणि मध्यभागी तळहाताएवढी काळी-पिवळी कोळीण! पावसाळ्यात आणि त्यानंतर ही इथे हमखास दिसते. तिच्या जाळ्याचे धागे उन्हात सोन्यासारखे चमकतात. नर मात्र इतका चिमुकला, की शोधावाच लागतो.

"मामा, हिची गोष्ट आहे?"

आहे ना! पण ती इथली नाही, पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशातली. तिथल्या अशांती लोकांच्या गोष्टींचा नायक म्हणजे अनान्सी नावाचा कोळी. अंगात ताकद नाही, पण डोकं भलतंच तल्लख. एके काळी जगातल्या सगळ्या गोष्टी न्यामे या आकाशदेवाकडे होत्या म्हणे. अनान्सी त्या मागायला गेला. देव म्हणाला, "अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या आणि एक वनपरी, एवढे पकडून आण." अनान्सीने काय करावं? "तू लांब की हा बांबू लांब, मोजू या" असं म्हणून अजगराला बांबूलाच बांधलं. पाऊस आल्याचं सोंग करून गांधीलमाश्या दुधी भोपळ्यात कोंडल्या. आणि बिबट्यासाठी वाटेत खणला खड्डा! पुढे गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेलेल्या माणसांबरोबर या गोष्टी वेस्ट इंडिजला पोचल्या. तिथल्या आज्या अजून त्या सांगतात.

भाची खूश. म्हणाली, "इथेही बिबटे आहेत ना? मग खणा खड्डे!"

कान्हेरीच्या पायथ्याशी काकड्या विकणारी एक आदिवासी मावशी बसली होती. तिने हे ऐकलं आणि काकडीला मीठ लावता लावता म्हणाली, "खड्डा कशाला गं बाय? तो आमचा देव हाये."

वाघोबा! उद्यानातल्या आणि आरेतल्या पाड्यांवरचे वारली आणि इतर आदिवासी लोक त्याला पूजतात. कुठे शेंदूर लावलेला दगड, कुठे लाकडी फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. इथल्या रानात मोकळा पट्टेरी वाघ आता नाही, पण बिबट्यालाही वाघच म्हणायची रीत आहे. एक कथा अशी सांगतात : एका बाईला मुलगा झाला, तो वाघाचं रूप घेऊन गावातली गुरं मारू लागला. लोक चिडले. तेव्हा आईनेच तोड काढली. लेकाने रानात राहायचं, आणि गावाने वर्षातून एकदा त्याची पूजा करून मान द्यायचा. पुढच्या काळात अभ्यासकांनी हिंडून मुंबई, ठाणे, पालघरसह महाराष्ट्रात वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली.

बिबट्या कधी माणसावर हल्ला करत नाही, असं मात्र समजू नका. देव म्हटला तरी तो जंगली प्राणी. २००४ साली या जंगलाच्या कडेने हल्ले फार वाढले, माणसं दगावली. तेव्हा पिंजरे लावून बिबटे धरले गेले. शिवाय दुसरीकडे पकडलेले बिबटेही या जंगलात आणून सोडले जात. पिंजरा म्हणजे अनान्सीचा खड्डाच की! पण जुन्नर भागात अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उलटंच दिसलं : पकडलेला बिबट्या अनोळखी रानात सोडला, की तिथल्या आसपासचे हल्ले वाढतात. बिचाऱ्याला ना वाट माहीत, ना पाणी.

मोजदादीच्या कॅमेऱ्यांत २०१५ साली इथे ३५ बिबटे दिसले, २०१८ साली ४७. त्यांच्या शेजारीच पाड्यांवरची तुमच्याएवढी मुलं शाळेत जातात. अंधारात एकटं फिरायचं नाही, हातात विजेरी ठेवायची, मोठ्याने बोलत चालायचं, हे त्यांना माहीत असतं.

"आणि दिसलाच तर?" भाचीने विचारलं.

मावशी म्हणाली, "पळायचं न्हाय. तो त्याच्या वाटेने जातो."

काकडीचे पैसे दिले आणि दिवेलागणीच्या आत परत फिरलो. कोळीण होती तिथेच, जाळ्यात एक नवा नाकतोडा अडकला होता. आम्ही वाकून खालून गेलो.

फाटकाबाहेर, थोडं पुढे वस्तीपाशी कचऱ्याचा ढीग होता, आणि त्यावर सात-आठ कुत्री तुटून पडलेली. कचऱ्यावर कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. भाची थबकली. तिच्या हातात वडापावचा चुरगळलेला कागद होता.

"मामा, म्हणजे वाघोबाचं ताट आपणच वाढून ठेवतो?"

कागद तिने खिशात घातला आणि आम्ही स्टेशनची रिक्षा धरली.