परशुराम घाट उतरताना

गेल्या मे महिन्यात आम्ही घरची सगळी मंडळी मुंबईहून चिपळूणला खालांकडे निघालो. खेड आणि लोटे मागे पडले, परशुराम घाट लागला आणि गाडीतली मुले एकदम गप्प झाली. एका बाजूला उभा कापलेला लाल डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली पेढे गावची घरे. जुलै २०२१ मध्ये याच घाटातली दरड पायथ्याच्या वस्तीवर कोसळली होती.

घाट उतरून, वाशिष्ठी ओलांडून बहादूरशेख नाक्यावरून आम्ही घरी पोहोचलो. बैठकीच्या भिंतीवर दाराच्या चौकटीच्याही वर एक मातकट रेघ आहे. घराला रंग दिला तरी खालांनी ती रेघ तशीच ठेवली.

"२२ जुलैचे पाणी," त्या म्हणाल्या. "कुरआन शरीफ तेवढे माळ्यावर नेले. बाकी संसार पाण्यात गेला. अल्लाहची मर्जी!"

खालू चहा पिता पिता थांबले. "पाऊस अल्लाहचा, हे खरे. पण डोंगराचा पाय कोणी कापला?"

जोहरच्या नमाजनंतर ते आम्हाला नदीकाठी घेऊन गेले. कोकणात वर जांभा आणि त्याखाली मऊ चिकणमाती असते. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते आणि चिकणमातीवर अडते. अशा डोंगराचा पायथा कापला की वरचा भार घसरतो. सुटलेली माती पऱ्ह्यांतून नदीत येते, पात्र उथळ होते. त्यात खाडीला भरती असली की पुराला उतरायला वाट मिळत नाही. २०२१ च्या पुरानंतर गाळ काढण्यासाठी चिपळूणकरांना आंदोलन करावे लागले.

हे आधी तपासण्यासाठीच पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन असते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, तिची नोटीस किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी घेतात. तिथे बोलता येते, लेखी हरकतही देता येते.

"आणि कोणीच गेले नाही तर?" आमच्या थोरल्या मुलीने विचारले.

"तरीही सुनावणी होते," खालू म्हणाले. "त्यासाठी कोरम लागत नाही. डोंगरातल्या एका खाणीची नोटीस आपल्या घरच्या पेपरात आली होती. मी वाचली नाही. ती रद्दीत गेली."

यावर कोणी काही बोलले नाही.

कायद्यातही फटी आहेत. २०१३ च्या बदलानंतर राष्ट्रीय महामार्गाचे १०० किलोमीटरपर्यंतचे रुंदीकरण या परवानगीतून सुटते. डोंगर मात्र किलोमीटर मोजून कोसळत नाही. म्हणून जिथे सुनावणी होते, तिथे तरी आपण गेले पाहिजे. कापलेली माती कुठे टाकणार? पावसाचे पाणी कुठून काढणार? कोणता पऱ्ह्या बुजणार? हे विचारायला इंजिनियर असावे लागत नाही. पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना चांगले ठाऊक असते. हे ज्ञानही एक अमानत आहे. ते वेळेवर सांगितले पाहिजे.

निघताना पाहिले, खालूंच्या टेबलावर वर्तमानपत्रांची एक वेगळी चळत होती. नोटिसांच्या पानांवर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. आमच्या मुलीने त्यांचा चष्मा पुसून त्या चळतीवर ठेवला. मग आम्ही पुन्हा घाटाच्या वाटेला लागलो.