बाहुलीच्या वाट्याचे दुःख

बाहुली केसभर हलवायची, छायाचित्र टिपायचे आणि पुन्हा केसभर हलवायची, या स्टॉप-मोशन पद्धतीत पडद्यावरच्या एका सेकंदासाठी साधारणतः 12 ते 24 छायाचित्रे लागतात, त्यामुळे बाहुलीच्या वाट्याचे दुःख कलावंताच्या बोटांखालून इतक्या संथपणे जाते की ते उरकून टाकण्याची सोयच उरत नाही. कॅनडातील मेटी समाज, म्हणजे आदिवासी आणि युरोपीय, मुख्यतः फ्रेंच, पूर्वजांपासून घडलेला समाज. त्या समाजातील दिग्दर्शिका टेरिल कॅल्डर यांचा ‘मेनीथ’ (2021) हा लघुपट याच पद्धतीचा आहे. त्यातील चिमुरडी आपण नरकातच जाणार असे धरून बसली आहे. एका बाजूला ख्रिस्ती धर्मातील सात महापापे आणि दुसऱ्या बाजूला नोकोमिसच्या, म्हणजे आजीच्या, सात पवित्र शिकवणी, अशी तिच्या मनाची ओढाताण चालते. चर्चने चालवलेल्या निवासी शाळांत 1,50,000 हून अधिक आदिवासी मुले घरापासून तोडली गेली, हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला तिच्या भयाचे मूळ वेगळे सांगावे लागत नाही. हेच भय खऱ्या मुलीकडून कॅमेऱ्यापुढे वदवून घेतले असते तर जखमेची खपली निघाली असती; बाहुली ते ओझे स्वतःकडे घेते.

अमेरिकेतील ‘हेअर लव्ह’ (2019) हा लघुपट रेखाटनांचा आहे, आणि तिथे खरी परीक्षा केसांची होते. सरळ केस चार-दोन वाहत्या रेषांत भागतात. कृष्णवर्णीय मुलीच्या दाट कुरळ्या केसांची एकेक बट काढू गेल्यास चित्रागणिक रेषा थरथरतात, म्हणून त्यांचा आकार, वजन आणि कड सांभाळत पुंजक्याने विचार करावा लागतो. वडील केसांशी मुष्टियुद्धाच्या रिंगणात झुंजतात, हा प्रसंग हशा मिळवतो खरा. पण आईच्या ध्वनिचित्रफितीतील सूचना ऐकत ते लेकीचे केस विंचरतात, त्या शांत भागात चित्रपटाचे खरे बळ आहे. (आईच्या आजाराचा उलगडा मात्र जरा घाईने होतो.) याच केसांवरून होणारा भेदभाव रोखण्यासाठी कॅलिफोर्नियाला 2019 मध्ये कायदा करावा लागला, हे लक्षात घेतले तर कंगव्याच्या त्या फेऱ्यांना निव्वळ कौटुंबिक गोडवा म्हणता येत नाही.

हा संथपणा महाग पडतो. कॅल्डर यांच्या पाठीशी कॅनडाचे सरकारी नॅशनल फिल्म बोर्ड होते. पुढे 2020 मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या ‘हेअर लव्ह’ला मात्र 2017 मध्ये लोकवर्गणीपासून सुरुवात करावी लागली होती.