डावे-उजवे

शिंप्याच्या दुकानातील मापांची वही हा मोठा विलक्षण दस्तऐवज असतो. गावातील शेकडो स्त्रियांच्या देहांचा हिशेब तीत असतो. परंतु ती कोणी चोरीत नाही, की तिला बाजारात भाव नाही. नावापुढे सात-आठ आकडे, कोपऱ्यात टाचणीने लावलेली कापडाची चिंधी आणि अधूनमधून ‘उ. खांदा उतरता’, ‘पाठ किंचित वाकलेली’ अशी टिपणे. ती लिहिणाऱ्यालाच तिची लिपी लागते. दुकान बंद झाले की वही रद्दीत जाते आणि सारे विसरले जाते.

मी व्यवसायाने संगणकप्रणाली लिहिते. गेली काही वर्षे, फावल्या वेळात, शिवणकाम करणाऱ्या भगिनींच्या एका ऑनलाइन समूहाचे तांत्रिक काम माझ्याकडे आहे. बहुतेक सदस्या सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातील. काही पुण्यात, दोघी-तिघी परदेशी. शिवलेले दाखवावे, अडलेले विचारावे, एवढाच आरंभीचा हेतू होता. हळूहळू मागण्या वाढल्या. घरात पडून असलेल्या कापडाची नोंद ठेवता यावी, म्हणजे किती मीटर, पन्हा किती, धुऊन आटवलेले आहे की कोरे, ही पहिली मागणी. ती सोपी होती. विणकाम करणाऱ्यांसाठी २००७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘रॅव्हलरी’ने लोकरीच्या साठ्याची अशी सोय केव्हाच केली आहे. त्याही आधी, २००१ मध्ये, दीपिका प्रकाश यांनी ‘पॅटर्न रिव्ह्यू’ सुरू करून शिवणाऱ्यांना परस्परांचा अनुभव वाचण्याची वाट मोकळी केली होती. तेव्हा या क्षेत्रात आपण काही नवे करतो आहोत, असा आमचा दावा नव्हताच.

खरा प्रश्न मापांपाशी आला. सदस्येने आपली मापे भरावीत आणि ब्लाऊजचा कागदी नमुना तिच्याच अंगाच्या बेताने तयार व्हावा, अशी दुसरी मागणी होती. तयार कपड्यांच्या ‘साइज’वर शिवणाऱ्या बाईचा विश्वास नसतो, आणि तो नसण्याला इतिहास आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेतली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी त्यांचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध केला. हिशेबात धरली ती मात्र केवळ गौरवर्णीय स्त्रियांची मापे. त्या आधारे १९५८ साली प्रमाणित आकार ठरले आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतले गेले. आपल्याकडे निफ्टने त्रिमिती स्कॅनरच्या साहाय्याने २५,००० भारतीयांच्या मापांची पाहणी हाती घेतली, ती अलीकडची गोष्ट. कारखान्याला सरासरी लागते, यात त्याचा दोष नाही. पण ब्लाऊज सरासरीवर बसत नाही. एक सूत मुंढा चुकला, तर हात वर करताना तो सांगतो.

मापावरून नमुना काढणे हे मुळात गणित आहे. छातीचा चौथा भाग, त्यात सैलपणा, मग मुंढा, टक्सची जागा, गळ्याची खोली. आमच्या समूहातील एका ज्येष्ठ काकूंनी चाळीस वर्षांच्या अनुभवातले ठोकताळे मला एकेक करून सांगितले आणि मी ते सूत्रांत बसवले. काकू फोनवर सांगत असताना त्यांची कात्री चालू असे. तिचा आवाज थांबला की समजावे, आता काही महत्त्वाचे येणार.

हे सुरू होऊन महिना झाला असेल, तेव्हा इचलकरंजीच्या एका ताईंचा संदेश आला. त्यांच्यावर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती. डावी बाजू काढलेली. शिंप्याकडे जाऊन हे सांगणे त्यांना नको होते, म्हणून त्या स्वतः शिवू लागल्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले होते : “दोन्ही बाजूंची मापे वेगळी लिहायला जागा कुठे आहे?”

जागा नव्हती. ब्लाऊजची पाठ घडीवर कापतात, पुढचे दोन भाग कापड दुपदरी घालून एकदम कापतात. डावे आणि उजवे सारखेच, हे कापड बेतण्याच्या रीतीतच गृहीत आहे, आणि रीतीवरून लिहिलेल्या गणितातही ते तसेच उतरते. काकूंना मी हे सांगितले. कात्री थांबली. मग त्या म्हणाल्या, “अगं, माझ्या वहीत अशी चार नावं आहेत. मी एक पदर बाजूला काढून कापते. अस्तराला आतून सुती खिसा लावते, त्यात पॅड राहतं. त्या बाजूचा टक्स घ्यायचाच नाही, गळा वर ठेवायचा. आणि हुक पुढेच हवेत, हात मागे जात नाही त्यांचा.”

त्यांच्या या चार वाक्यांवर आम्ही तीन महिने काम केले. पुढचे दोन भाग स्वतंत्र मापांचे, अस्तरातील खिसा ऐच्छिक, प्रत्येक भागावर ठळक अक्षरात ‘डावा’ किंवा ‘उजवा’. नावावरून बराच काथ्याकूट झाला. ‘सुटे भाग’ हे नाव गॅरेजसारखे वाटले. शेवटी ‘डावे-उजवे’ ठरले. मराठीत डावे-उजवे करणे म्हणजे भेदभाव करणे. पण येथे तो केलाच पाहिजे होता, म्हणून कोणी हरकत घेतली नाही.

याच सुमारास एका तयार कपड्यांच्या व्यापाऱ्याकडून विचारणा झाली. नावे नकोत, फक्त मापे द्या. समूहाचा वर्षभराचा खर्च आम्ही उचलतो. रक्कम लहान नव्हती, आणि आमच्यातील दोघींना त्यात वावगे दिसले नाही. त्यांचा युक्तिवादही टाकाऊ नव्हता : आपल्या भागातील स्त्रियांची मापे कारखान्यांना कळली, तर कपडे नीट बसतील. परंतु लहान गावात नावाची गरज कितीशी असते? एक बाजू सपाट, वय बावन्न, गाव अमुक, एवढ्यावर शेजारीण ओळखेल. शिवाय ज्या कामासाठी माप दिले, त्याच कामासाठी ते वापरावे, हे २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याआधीही शिंप्याच्या वहीला ठाऊक होते. आम्ही नकार दिला, आणि पुढे जाऊन मापे आमच्याकडे ठेवणेच बंद केले. आता ती सदस्येच्या फोनमध्येच राहतात, नमुनाही तेथेच तयार होतो.

याची किंमत आहे. फोन हरवला की मापे गेली. दोघींचे तसे झाले आणि त्यांनी आम्हांला भरपूर ऐकवले. त्यावर उपाय म्हणून मापांचे पान छापून घेण्याची सोय केली. काकूंनी ते पान पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, “कोपऱ्यात चिंधी लावायला जागा सोड.” जागा सोडली आहे.

ताईंनी पहिले दोन ब्लाऊज शिवले. छायाचित्र पाठवले नाही, आम्हीही मागितले नाही. नुकताच त्यांचा आणखी एक संदेश आला : बगलेतील गाठी काढल्यामुळे डाव्या हाताला सूज येते, सकाळी बाहीचा घेर एक असतो, संध्याकाळी दुसरा, मग माप कोणते भरायचे? काकूंच्या मते संध्याकाळचे, शिवाय बाहीच्या शिवणीत दीड इंच जास्तीचे कापड, म्हणजे उसवता येईल. माझ्याकडे सध्या तेवढेच काम आहे : प्रत्येक मापापुढे दिवस आणि वेळ लिहिण्याची चौकट.