लिंगाण्या, तुझ्या वाटेवरच्या गर्दीविषयी

लिंगाण्यास,

रायगडासमोर, सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून तू सुळक्यासारखा उभा आहेस. उंची समुद्रसपाटीपासून जवळजवळ ३००० फूट. शिवकाळात तुझ्यावर कैदी ठेवत. गुहा आणि पाण्याची टाकी अजून आहेत, पायऱ्या मात्र तुटल्या. म्हणून तुझा माथा गाठायचा तर दोर लागतो. हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी तो दोर धरून माणसं रांगेनं चढतात. मला बोलायचंय ते या रांगेबद्दल.

तुझ्या उभेपणाची मला तितकी भीती वाटत नाही. भीती वाटते तुझ्या सुट्या दगडांची. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा सगळा सह्याद्री घडला, तूही त्यातलाच. एक थर असा घट्ट की हात ठेवताच भरवसा वाटतो, त्याच्या वरचा सच्छिद्र, पावसानं पोखरलेला. घट्ट थराचा कडा होतो, मऊ थरावर गवताळ टप्पा. त्या टप्प्यावर मुरूम, वाळकं गवत आणि पावसाळ्यात सुटलेले धोंडे नुसते टेकून असतात. पाय पडला की निघतात, दोर ओढला तरी निघतात. शंभर फुटांवरून सुटलेला मुठीएवढा दगड अडीच सेकंदांत खाली येतो, तेव्हा त्याचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. 'दगड!' अशी आरोळी आली की वर न बघता कातळाला चिकटायचं, हे आम्ही नवख्यांना शिकवतो. पण दोराला बांधलेल्या माणसाला सरकायला जागा कितीशी असते?

त्यात तुझी चढायची वाट तीच उतरायची. वरचे रॅपलिंग करत, म्हणजे दोरावरून घसरत, येतात, खालचे बिलेवर, म्हणजे साथीदारानं सांभाळलेल्या दोरावर, चढत असतात आणि गुहेपाशी दोन्ही रांगा एकमेकींत अडकतात. एका संघाच्या डोक्यावर दुसरा संघ! हे थांबलंच पाहिजे. कातळावर एका वेळी एकच संघ असावा. बाकीच्यांनी तुझ्या आणि मुख्य रांगेमधल्या खिंडीत, दगड पडतात त्या रेषेच्या बाहेर, हेल्मेट घालूनच थांबावं. माथा हुकला तर हुकू दे. पैसे भरून आलेल्या माणसाला हे सांगणं अवघड जातं, तरी म्होरक्यानं सांगावं.

दुसरं, तुझ्या अंगावरचं लोखंड. कित्येकांनी तुझ्यावर मेखा आणि बोल्ट ठोकले. कोणता कधी ठोकला, कोणत्या पोलादाचा, हे बघून कळत नाही. बाहेरून धड दिसणारा बोल्ट कातळाच्या आत गंजलेला असू शकतो. मागे सोडलेल्या स्लिंग आणि दोर उन्हात कडक होतात, त्यांचा रंग उडतो, ताकदही जाते. पहिल्यांदाच आलेली पोरं आयता लटकणारा दोर दिसला की धरतात. त्यांना काय माहीत? त्यांना आणणाऱ्यानं प्रत्येक अँकर तपासावा, एकाच बोल्टवर माणूस टांगू नये, जुन्या स्लिंग कापून खाली न्याव्यात. आणि नवा बोल्ट ठोकणाऱ्यानं त्याची तारीख आणि जात लिहून ती सगळ्या संस्थांना कळवावी.

आग्या मोहोळ असेल तर धूर, अत्तर, आरडाओरडा नको. पाणी भरपूर हवं. हे बहुतेकांना ठाऊक असतं.

ठाऊक नसतं ते हे, की तुझ्यावर कुणी जखमी झालं तर पुढं काय होतं. आधी त्याला दोरानं खिंडीत उतरवायचं. मग स्ट्रेचर खांद्यावर घेऊन बोराट्याची नाळ या घळीतून वर मोहरी गावापर्यंत न्यायचं, आणि ती नाळही सुट्या धोंड्यांनीच भरलेली. बचाव पथकं शहरांतून निघून पोचेपर्यंत कित्येक तास जातात. तोवर हाकेला धावतात ती मोहरी-सिंगापूर या गावांची माणसं, अंधारात, साध्या चपलांवर, डोक्यावर हेल्मेट नसताना. तुझ्या पायथ्याशी हेल्मेटांचा एक वाढीव संच त्यांच्यासाठी ठेवायला हवा. तुझ्यावर माणसं घेऊन येणाऱ्या प्रत्येक संस्थेनं त्यासाठी वर्गणी द्यावी.

तुझा,
एक प्रस्तरारोहक