जगात जर्मनी, टेबलावर परभणी

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्ही परभणीकर कुठेही आणि कुणालाही ऐकवतो. छोट्या रेल्वेच्या बाबतीत त्यातला जर्मनीचा भाग तरी अगदी खरा आहे. तिथल्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांवरची खेळण्यातली गाडी मांडली आणि या छंदाला माप आलं. उरलेल्या भागाची जबाबदारी यंदा प्रदर्शनासाठी आम्ही हॉस्टेलच्या चौघांनी उचलली.

सहा बाय तीन फुटांचं प्लायवूड, त्यावर पूर्णा जंक्शनसारखं स्टेशन. इंजिन आणि रूळ एका सिनिअरने दिले. स्केल एचओ, म्हणजे १:८७. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं जे छोट्या रेल्वेचं म्युझियम १९९८ पासून आहे, तिथलं मापही हेच. गाडी धावली, पण चित्र काही जिवंत वाटेना. मग लक्षात आलं, परभणीहून पूर्णेला जाताना खिडकीतून सगळ्यात जास्त काय पळतं? खांब! तेच नव्हते.

तयार परदेशी खांबांच्या एका पाकिटात आमचं मेसचं आठवड्याचं जेवण निघालं असतं. तेव्हा घरगुती उपाय. रुळांवरच्या २५ हजार व्होल्टच्या लाइनचे पोलादी खांब वेगळे. आम्ही घेतला तो शेजारच्या शेतातला ११ हजार व्होल्टचा सिमेंटचा खांब. तो ८ मीटरचा धरला तर ८७ ने भागून ९२ मिलिमीटर. त्याचा सहावा हिस्सा जमिनीत, म्हणजे वर दिसतो फक्त ७७ मिलिमीटर. आइस्क्रीमची काडी उभी चिरली की तीन खांब होतात. पॉलिश पेपरने वरच्या टोकाला निमुळते करायचे. रंगासाठी चिमूटभर सिमेंट फेविकॉलच्या पाण्यात कालवायचं; सिमेंटला सिमेंटचाच रंग! वरची आडवी पट्टी म्हणजे 'व्ही'सारखी वाकवलेली स्टेपलरची पिन. दोन टोकांना दोन आणि खांबाच्या डोक्यावर एक असे तीन मोहरीचे दाणे चिकटवले की इन्सुलेटर तयार. चिनीमातीचा तपकिरी रंग मोहरीला आयताच असतो. तार बंद पडलेल्या इअरफोनमधली.

दोन गोष्टी मात्र स्केल मानत नाहीत. खऱ्या तारेला स्वतःच्या वजनाने झोळ येतो. एवढ्याशा तारेला वजनच नाही, ती ताठ राहते. म्हणून मधोमध बोटाने हलकेच दाबून झोळ द्यावा लागतो. दुसरं म्हणजे अंतर. पन्नास मीटरचा गाळा स्केलमध्ये ५७ सेंटिमीटर होतो, म्हणजे सहा फुटांत जेमतेम चार खांब. आम्ही वीस-वीस सेंटिमीटरवर लावले. डोळा काही तक्रार करत नाही, उलट रस्ता लांब वाटतो.

दिवाळीत अर्धं काम घरी नेलं होतं. माझे वडील वायरमन. त्यांनी गाडीकडे पाहिलंही नाही. खांबांच्या खुणांवरून बोट फिरवत वळणावर थांबले. "इथं ताण कुठून देणार?" मग त्यांनीच सांगितलं, सरळ लाइनीत दोन्हीकडची ओढ सारखी असते, वळणावर तारा खांबाला आत ओढतात, म्हणून ताण बाहेरून. अन् त्या ताणाच्या मधे अंड्यासारखा चिनीमातीचा गुटका पाहिजेच. "तार तुटून ताणावर पडली तर खाली हात लावणारा मरंल ना बाबा." सेकंड इयरला व्हेक्टरची बेरीज आम्हीही शिकलो होतो, पण तिच्या टोकाला असा कुणाचा हात आहे हे पुस्तकात नव्हतं.

पावसाळ्यात रात्री फोन आला की ते टॉर्च घेऊन निघतात. लाइट आली की सगळी गल्ली "आलीऽऽ" म्हणून ओरडते आणि झोपते. आमच्या घरात मात्र आई दाराकडे बघत बसते. लाइट आली म्हणजे काम झालं, माणूस अजून यायचा असतो.

एकंदर चोवीस खांब झाले, खर्च चाळीस रुपयांच्या आत. मोहरी मेसच्या मावशींनी फुकट दिली! वळणावरच्या खांबाला बाहेरून ताण आहे आणि त्याच्या मधे एक पांढरा मणी.

आमची परभणी सध्या इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये मांडलेली आहे. जरूर या. गाडी आपोआप दिसेलच, तो मणी मात्र वाकून शोधा.